अंगणात आलेली शाळा

संत लूकने आपल्या शुभवर्तमानात प्रभू येशूच्या बालपणाविषयी फार थोडे सांगितले आहे. पण जे सांगितले त्यात एक प्रसंग असा आहे की, धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने तो अधूनमधून काढून वाचावा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसला होता. तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता. ऐकणे आणि विचारणे या दोन क्रिया सुवार्तिकाने एकाच वाक्यात जोडीने ठेवल्या आहेत. आम्ही मात्र आमच्या रविवारच्या वर्गातून त्यांपैकी पहिली तेवढी ठेवली आणि दुसरी हळूच दाराबाहेर नेऊन उभी केली.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते पाचोऱ्याचे. जळगाव जिल्ह्यातील हे गाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे. कापसाचे, केळीचे आणि हिवरा नदीकाठच्या काळ्या मातीचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस येथून जामनेरकडे अरुंद रुळांची एक छोटी गाडी सुरू झाली. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबेपर्यंत कितीतरी पिढ्यांच्या मुलांनी यंत्र म्हणजे काय हे प्रथम तिच्याच इंजिनाशेजारी उभे राहून पाहिले. येथील कॅथलिक कुटुंबे थोडकी. मिस्सा झाल्यावर मुलांना सतरंजीवर बसवून आम्ही अर्धा-पाऊण तास धर्मशिक्षण देतो. एका रविवारी आम्ही मोहरीच्या दाण्याचा दाखला घेतला होता. सर्व बियांत लहान असा तो दाणा आणि त्याचे झालेले मोठे झाड, हे आम्ही आमच्या मते चांगले रंगवून सांगितले. पुढच्या रविवारी एक मुलगा मुठीत कागदाची पुडी घेऊन आला. पुडीत एका बाजूला मोहरी होती, दुसऱ्या बाजूला उपवासाच्या लाडवाचा राजगिरा. त्याने दोन्ही दाणे आमच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, “फादर, हाऊ दाना तं मोहरीथीन बी बारीक शे!”

खरेच बारीक होता. दुसऱ्या एका मुलीने खसखशीचे नाव घेतले. तिसऱ्याने विचारले, “मग येशूला माहीत नव्हते का?” मागे बसलेल्या एका पालकांनी “गप्प बैस” म्हणून त्याला दटावले. त्या क्षणी आम्हीही तेच म्हणणार होतो, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आमच्या अशा म्हणण्याला फार जुना इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

संत फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्यास उतरले. हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून ती वाजवीत ते मुलांना आणि गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत, आणि श्रद्धेची सूत्रे त्यांच्याकडून चालीवर म्हणवून घेत. त्या काळात पुस्तक दुर्मिळ आणि अक्षरओळख त्याहून दुर्मिळ; तेव्हा पाठांतर हेच गरिबाचे पुस्तक होते. म्हणून आम्ही पाठांतराची थट्टा करणार नाही. पुढे 1597 आणि 1598 या लागोपाठच्या वर्षांत संत रॉबर्ट बेलार्मिन यांनी दोन प्रश्नोत्तरी पुस्तके सिद्ध केली. त्यांतील भेद मोठा बोलका आहे. लहान पुस्तक मुलांसाठी. त्यात गुरू प्रश्न विचारतो आणि शिष्य ठरलेले उत्तर देतो. मोठे पुस्तक शिकवणाऱ्यांसाठी. त्यात शिष्य विचारतो आणि गुरू समजावून सांगतो. साऱ्या जगभर मुलांच्या हाती पडले ते पहिल्या पद्धतीचे पुस्तक. प्रश्न करण्याचा हक्क गुरूकडे राहिला आणि मुलाकडे उरले उत्तर. आमच्याच मराठी परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात श्रोत्याला प्रश्न विचारू दिले आहेत. पण ते पुराण प्रौढांनी ऐकायचे, आणि मुलांसाठी प्रश्नोत्तरी, अशी विभागणी आमच्या मनात पक्की होऊन बसली.

आम्ही स्वतः त्याच विभागणीत वाढलो. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वर्गात, आठ-नऊ वर्षांचे असताना, आम्ही विचारले होते की, ओस्ती ज्या गव्हाची करतात तो गहू कोणाच्या शेतातला असतो? आमच्या घरी गहू पिकत असे, म्हणून विचारले. प्रश्नामागे एवढाच मोह होता की, तो आमच्या शेतातला असावा. धर्मशिक्षकांना हा उद्धटपणा वाटला. तासभर भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागले. ते शिक्षक सज्जन होते, आजही आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्यांनाही कोणीतरी असेच उभे केले असणार. मात्र तो प्रश्न भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला आणि पुढे सेमिनरीत ईशज्ञानाचे ग्रंथ चाळतानाही त्याने कधी मान वळवली नाही. त्याचे उत्तर आम्हांला फार उशिरा, एका इटालियन बाईंच्या चरित्रात सापडले.

त्या बाई म्हणजे डॉक्टर मारिया माँटेसरी. त्यांचे नाव शहरांतल्या महागड्या बालवर्गांच्या पाट्यांवर इतके झळकते की, त्या आमच्याच श्रद्धेच्या होत्या आणि त्यांचे पहिले बालगृह अत्यंत दरिद्री वस्तीत निघाले, या दोन्ही गोष्टी बहुतेकांना ठाऊक नसतात. 1896 साली त्या वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांवर त्यांनी काम केले. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या मार्गाने जाताना त्यांना दिसले की, या मुलांची बुद्धी हातांच्या वाटेने जागी होते. मग त्यांनी स्वतःलाच प्रश्न केला: यांना जे साधते ते धडधाकट मुलांना आमच्या शाळांतून का साधू नये? 6 जानेवारी 1907 रोजी, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप कामाला गेल्यावर जिने आणि भिंती खराब करणारी पोरे कोठेतरी गुंतवून ठेवावीत, एवढाच इमारतमालकांचा हेतू होता. माँटेसरींनी मुलांच्या मापाची टेबले-खुर्च्या करून घेतल्या, लाकडी दट्टे आणि त्यांची भोके दिली, खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवायला दिली. आणि काही महिन्यांत त्या मुलांपैकी काही आपण होऊन लिहू लागली. तीन राजे ज्या दिवशी बाळासमोर नमले असे आपण मानतो, त्या दिवशी हे घडावे याचे आम्हांला नेहमी नवल वाटते. पण त्यावर अधिक प्रवचन करीत नाही.

आमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र रोममध्ये नव्हते, बार्सेलोनात होते. तेथे पहिल्या महायुद्धाच्या काळात माँटेसरींच्या देखरेखीखाली एक नमुना शाळा चालली. तीत मुलांच्या उंचीला साजेसे प्रार्थनागृह होते. मुलांनी शाळेच्या जमिनीत गहू पेरला, द्राक्षवेल लावली, पाणी घातले आणि कापणीचा सोहळा केला. वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस यांच्याशी त्या शेताचे नाते त्यांनी आपल्या हातांनी जोडले. ज्या प्रश्नासाठी आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, त्याच प्रश्नासाठी तेथे एक शेत राखून ठेवले होते! या अनुभवांवरचे ‘ख्रिस्तसभेतील मूल’ या अर्थाचे त्यांचे पुस्तक इंग्रजीत 1929 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी शिक्षणावर जे परिपत्रक काढले, त्यात मुलाच्या निसर्गप्रवृत्तीवरच सारे सोपवून कृपेला वगळणाऱ्या पद्धतींवर कडक टीका होती. त्यात माँटेसरींचे नाव नव्हते. पण पुष्कळ धर्मशिक्षकांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला, आणि बार्सेलोनाचे शेत पडीक राहिले. रोममध्ये 1954 साली सोफिया काव्हालेत्ती या बायबलपंडित बाईंनी जान्ना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेला बरोबर घेऊन ते पुन्हा नांगरायला घेतले. लाकडी मेंढपाळ, लाकडी मेंढरे, छोटी वेदी हाताळीत मुलांनी दाखल्यांवर मनन करावे, अशी त्यांची रीत. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत आम्ही त्यांचे नावही ऐकले नव्हते.

आता भारतात येऊ. माँटेसरी 1939 च्या नोव्हेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या. पुढच्या जूनमध्ये इटली युद्धात उतरताच त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. पुत्र मारिओ यांना स्थानबद्ध केले गेले. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांची सुटका झाली. युद्ध संपेपर्यंत परत जाता येणे शक्य नव्हते. तेव्हा काही काळ कोडाईकनालला राहून त्यांनी या देशातील शेकडो शिक्षक तयार केले. परंतु त्यांचा विचार त्यांच्या आधीच येथे येऊन पोचला होता. तोही आमच्या मिशनशाळांतून नव्हे. भावनगरला गिजुभाई बधेका या वकिली सोडलेल्या गृहस्थांनी दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 साली बालमंदिर काढले. आणि त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 1892 साली मुंबईत, प्रार्थनासमाजी घरात झाला. विवाहानंतर त्या अमरावतीस होत्या. संसार टिकला नाही. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयात मुख्याध्यापिकेचे मानाचे पद मिळाले होते. ते सोडून त्या गिजुभाईंबरोबर लहान मुलांच्या शाळेत जमिनीवर बसल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षणपत्रिका निघू लागली, आणि 1936 साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. तेथवर सारे ठीक होते. पण ताराबाईंना हळूहळू एक गोष्ट टोचू लागली: सान लोरेन्झोच्या मजुरांच्या पोरांसाठी जन्मलेली ही पद्धत भारतात मात्र खाऊनपिऊन सुखी घरांत अडकली होती. परदेशी मापाची लाकडी साधने महाग होती. खेड्यातल्या मुलापर्यंत ती पोचणार कशी? 1931 साली लंडनला गांधीजी माँटेसरींना भेटले होते, आणि गरीब भारतातल्या मुलांचा प्रश्न त्यांनी तेथेही मांडला होता. त्याच ओढीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई दादर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी निघाल्या. आमचे आजचे वय जवळपास तेवढेच आहे. या वयात बदलीचा आदेश आला तर आम्हा धर्मगुरूंच्या मनात प्रथम काय येते, ते येथे न लिहिणेच बरे.

बरोबर आल्या अनुताई वाघ. जन्म 1910, मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. वडिलांनी मुलीला शिकू दिले. नाशिक जिल्ह्यात चांदवडला आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत त्यांनी शिक्षिका म्हणून काम केले. 1945 साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

ते वर्ष साधे नव्हते. त्याच वर्षी डहाणू, उंबरगाव आणि तलासरीच्या रानांत वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर गोळीबार होऊन माणसे मेली होती. ज्यांचे आईबाप जमीनदाराच्या खळ्यावर वेठीला राबत, त्यांची मुले लाकडी दट्टे खेळायला शाळेत कशी येणार? आली नाहीतच. केंद्र उघडले, झाडून सारवून सज्ज झाले, आणि पाड्यावरची मुले मात्र पाड्यावरच राहिली. कोणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसले होते, कोणी गुरे वळीत होते. अशा वेळी आमच्यासारखा माणूस रविवारच्या प्रवचनात पालकांना चार शब्द सुनावून मोकळा झाला असता. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, पालकांनाही दिला नाही. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. सेविका टोपलीत साहित्य घेऊन पाड्यावर जाऊ लागली. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना न्हाऊ घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, आणि मग तेथेच गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. आज देशातल्या खेडोपाडी जो शब्द सरकारी पाटीवर दिसतो, तो या अंगणातून उचललेला आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली: गुरे चरतात तेथेच झाडाखाली वर्ग. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा होती.

साहित्याची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. माँटेसरींच्या साधनांमागचे तत्त्व या दोघींनी ठेवले आणि लाकूड सोडून दिले. चिंचोके, शिंपले, गोटे, पाने, बिया, बांबूच्या कांड्या, माती, काथ्या, नारळाच्या करवंट्या. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे भेद समुद्रकाठ आणि रान फुकट पुरवत होते. मोजायला चिंचोके होते, रंगवायला गेरू होता. मुलाला ती वस्तू परकी नव्हती, म्हणून तिला हात लावायची भीती नव्हती. मोडली तर रागावणार कोण? आमच्या मते बोर्डीचा खरा शोध स्वस्ताईचा नाही. जी वस्तू मूल रोज पायदळी तुडवते, तीच उचलून त्याच्या तळहातावर ठेवली की ते तिच्याकडे नव्याने पाहते, हे त्यांना उमगले होते. प्रभू येशूनेही दाखल्यांसाठी मीठ, खमीर, जाळे, हरवलेले नाणे, अंजिराची कोवळी डहाळी यांखेरीज दुसरे काय वापरले?

1957 साली काम डोंगराकडे, कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडीची कल्पना आकाराला आली. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असेल तर थोरली बहीण शाळेत बसू शकते, इतका साधा तो हिशेब. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या वारल्या. अनुताई 1992 पर्यंत, म्हणजे आणखी एकोणीस वर्षे, त्या टेकडीवर काम करीत राहिल्या. दोघींपैकी कोणीही ख्रिस्ती नव्हती. नाताळच्या आदल्या दिवशी सुरू केलेले काम त्यांनी त्या दिवसाकडे पाहून सुरू केले असेल, असे म्हणण्याचा आम्हांला काही अधिकार नाही. पण एका कॅथलिक बाईने गरिबांच्या मुलांसाठी पेटवलेला दिवा आम्हा कॅथलिकांच्या शाळांनी इंग्रजी बालवर्गाच्या फीमध्ये मोजला, आणि या दोघींनी तो उचलून वारल्यांच्या अंगणात नेला, एवढे म्हणण्याचा अधिकार, आणि त्याची थोडी लाजही, आम्हांला आहे.

आमच्या खानदेशाकडे या बाबतीत काहीच नव्हते असे कोणी समजू नये. पाचोऱ्याहून अमळनेर दूर नाही. तेथील प्रताप हायस्कुलात 1924 पासून 1930 पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढीत. 1928 साली ‘विद्यार्थी’ मासिक काढले. 1936 च्या नाताळच्या आठवड्यात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या अशाच साध्या वस्तूंनी केली. खानदेशातल्या हजारो शेतकऱ्यांनी तेव्हा प्रथम पाहिले की, आपल्या बांधावरच्या वस्तूला कलेचा मान मिळू शकतो. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण ही नई तालीमची कल्पना देशापुढे आली. भुसावळहून गाडी पुढे इटारसीकडे जाते. तेथे जवळच तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 पासून खेड्यातल्या साध्या शाळांतून प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचे मोठे काम चालले. त्याच्या आरंभी किशोर भारतीबरोबर रसुलिया येथील क्वेकर ख्रिस्ती मंडळींचे केंद्र होते. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करायला सुरुवात केली ती तेथेच. ते सरकारी शाळांतील काम 2002 साली बंद करण्यात आले. आगकाड्या मात्र शिल्लक आहेत. पाचोऱ्याच्या मुलांनी त्यांचा घनाकार आणि पिरॅमिड आमच्यासमोर दहा मिनिटांत केला, आणि आमचा स्वतःचा पिरॅमिड दोनदा कोसळला.

या पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणारी आणि भाद्रपदात भुलाबाई मांडणारी मुले आमच्या समोर बसतात. त्यांच्या हातांना मातीची भाषा येते. आम्ही त्यांच्या हातांत छापील उत्तरे देतो.

ख्रिस्तसभेने याला अडसर घातलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. 1 नोव्हेंबर 1973 रोजी बालकांसोबतच्या मिस्साविषयी जी मार्गदर्शिका निघाली, तीत मुलांनी केवळ ऐकू नये, हालचाल, चित्रे, गीते यांतून सहभागी व्हावे, असे स्पष्ट सुचवले आहे. दुसऱ्या बाजूने पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1979 साली धर्मशिक्षणावरील आपल्या पत्रात पाठांतराचे मोल पुन्हा आठवण करून दिले. श्रद्धेची फुले स्मृतिहीन वाळवंटात उगवत नाहीत, अशा आशयाचे ते म्हणणे होते. आम्हांला ते पटते. आजारी माणसाच्या उशाशी बसून जो ‘हे आमच्या बापा’ म्हणतो, त्याला ती प्रार्थना तोंडपाठच असावी लागते. तेथे चिंचोके उपयोगाचे नाहीत.

तर आम्ही त्या राजगिऱ्याच्या मुलाला गप्प केले नाही. आम्ही पुडी पुन्हा त्याच्या हाती दिली आणि सांगितले की, प्रभू येशू गालिलातल्या शेतकऱ्यांशी बोलत होता. त्यांच्या हातून पेरल्या जाणाऱ्या बियांत मोहरी ही लहानपणाची म्हण होऊन बसली होती, जशी आपण राईचा पर्वत म्हणताना राई मोजून पाहत नाही. मुलगा थोडा विचार करून म्हणाला, “म्हणजे येशूने त्यांच्या घरातली वस्तू घेतली.” बेलार्मिनच्या मोठ्या पुस्तकातही इतके नेमके उत्तर आम्हांला सापडले नसते.

मग आम्हीही हिय्या केला आणि कार्तिकात आवाराच्या कडेला चार वाफे करून गहू पेरला. द्राक्षांचे धाडस केले नाही. ते नाशिककरांचे काम. पहिल्या वर्षाची हकिगत फारशी गौरवाची नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात शेतकरी रात्री निजतो, दिवसा उठतो आणि बी कसे वाढते ते त्याला कळत नाही, असा जो दाखला आहे, तो आम्ही पेरणीच्या दिवशी वाचला. मुलांनी तो आव्हान म्हणून घेतला. ‘कसे ते कळत नाही’ म्हणजे काय? त्यांनी रोज माती उकरून पाहिले. निम्मे कोंब त्यातच गेले. उरलेल्यांपैकी काही एका शेळीने खाल्ले, आणि पौषात आम्ही एका आजारी धर्मबंधूंच्या घरी अडकल्यामुळे एक पाळी पाण्यावाचून राहिली. फाल्गुनात हाती आला तो गहू जेमतेम दोन शेर. एका आजीबाईंच्या घरचे जाते मागून आणले. मुलींनी दळले, मुलग्यांनी पहिल्यांदाच जाते ओढून पाहिले आणि हात दुखतो म्हणाले. दळलेले पीठ आम्ही धर्मभगिनींकडे दिले. नुसते पीठ आणि पाणी. त्यांनी लोखंडी साच्यात ओस्ती करून दिल्या. पास्काच्या रविवारी वेदीवर त्याच होत्या.

एका पालकांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. त्यांच्या मुलाला दहा आज्ञा क्रमाने येत नाहीत; मातीत खेळण्यात वर्ष गेले, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना पुढच्या तिमाहीचा शब्द दिला आहे. पाठांतरासाठी पंधरा मिनिटे वेगळी काढली आहेत, आणि बाकीचा वेळ मुलांकडे ठेवला आहे. दोन्ही नीट जमत नाही. कधी आज्ञा राहतात, कधी माती राहते.

यंदाच्या पेरणीला एका नऊ वर्षांच्या मुलीने वाफा उकरणाऱ्या धाकट्यांना हाकलून लावले. घरी तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओला कापूस भरला आणि कापूस व काच यांच्यामध्ये गव्हाचे चार दाणे अडकवले. उकरायला नको, बाहेरूनच दिसते. कापसाच्या गावात कापसाला तोटा नाही. गेल्या रविवारी ती बाटली घेऊन मिस्साला आली होती आणि प्रवचनभर ती मांडीवर घेऊन बसली. मुळे खाली उतरली होती, कोंब वर निघाला होता. आम्ही पाहिले तेव्हा तिने बाटली आडवी धरली होती. आम्हांला वाटले, पाणी सांडेल, म्हणून सरळ करायला गेलो. तिने आमचा हात बाजूला केला. मुळे आता कोणीकडे वळतात, ते तिला पाहायचे होते.